प्रवाळावरची करडी साय: टर्पिओस होशिनोटा ओळखायचा कसा

प्रवाळावर करडा-काळा थर दिसला म्हणून पाण्यातच त्याचं नाव ठरवून टाकू नका. वीसेक मीटर खाली तांबडा प्रकाश जवळजवळ उरत नाही, त्यामुळे तपकिरी आणि लालसर स्पंजही तिथे करडेच दिसतात. टॉर्च जवळ धरा, शेजारी पट्टी ठेवा आणि दोन फोटो घ्या: एक पूर्ण थराचा, एक कडेचा. कडेचा फोटो जास्त बोलतो.

टर्पिओस हा प्रवाळावर पसरणारा स्पंज दुधावरच्या सायीसारखा पातळ असतो, सहसा एक मिलिमीटरही नाही. पाणी बाहेर टाकणाऱ्या छिद्राभोवती बारीक नळ्या चांदणीसारख्या पसरलेल्या दिसतात. जिवंत प्रवाळ झाकून मारत तो पुढे सरकतो. पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर १९७३ साली त्याची नोंद झाली, शास्त्रीय नाव १९९३ मध्ये मिळालं. आपल्याकडे पाल्कच्या उपसागरातही तो सापडला आहे. त्याच्या अंगात सायनोबॅक्टेरिया (उजेडावर अन्न बनवणारे जिवाणू) असल्याने त्याला उजेड लागतो. अंधाऱ्या कपारीत तसाच थर भेटला तर आधी दुसऱ्या स्पंजाचा संशय घ्या.

गल्लत होते ती मुख्यतः क्लायोना या दुसऱ्या स्पंजाशी. क्लायोना प्रवाळाचा सांगाडा आतून पोखरतो, टर्पिओस वरवर पसरतो. थराखालचा सांगाडा चाळणीसारखा झालाय का, ते बघा. प्रवाळाला होणाऱ्या काळ्या पट्ट्याच्या रोगाचा थर मात्र धाग्यांचा असतो आणि त्यात कंटिका, म्हणजे स्पंजाच्या सांगाड्यातल्या सूक्ष्म सुया, नसतात.

प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून परवानगीशिवाय खरवडू नका. परवानगी असेल तर कडेचा आणि मधला असे एकेक सेंटिमीटरचे दोन तुकडे वेगळ्या बाटल्यांत, ९६ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. २४ तासांनी अल्कोहोल बदला. त्यात रंग उतरतो, म्हणून फोटोचा क्रमांक लेबलवर हवाच.

तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा परीक्षानळीत घेऊन दोन-तीन मिलिलिटर साधं ब्लीच घाला, रात्रभर ठेवा. मांस विरघळतं, कंटिका तळाशी बसतात. वरचा द्रव पिपेटने अलगद काढून ऊर्ध्वपातित पाण्याने चारदा धुवा आणि दर वेळी अर्धा तास थांबा. इथे घाई करू नका. बारीक कंटिका ओतण्यात वाहून गेल्या, की क्लायोनाही टर्पिओससारखा दिसतो, कारण टर्पिओसमध्ये बारीक कंटिका नसतातच. शेवटी दोनदा अल्कोहोलने धुऊन थेंब काचपट्टीवर वाळवा. प्रवाळाचा चुरा विरघळवायला आम्ल वापरायचं असेल, तर ब्लीच पूर्ण निघाल्यावरच. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो.

४०० पट मोठं करून पाहा. टर्पिओसच्या कंटिका टाचणीसारख्या, पाव मिलिमीटरच्या आसपास लांब. टाचणीचं डोकं गोल गरगरीत नसतं, त्याला खाचा पडून पाकळ्यांसारखे उंचवटे दिसतात. किमान तीस मोजा. बहुतेक क्लायोनांत टाचण्यांसोबत नागमोडी, काटेरी अशा अगदी बारीक कंटिका आढळतात. मात्र एखादीच वेगळी कंटिका सापडली, तर ती शेजारच्या स्पंजाची असू शकते. दुसऱ्या तुकड्याची काचपट्टी करून पडताळा.

कंटिका जुळल्या, पण फोटोत चांदणी दिसत नसेल, तर लेबलवर ‘टर्पिओस, प्रजाती अनिश्चित’ एवढंच लिहा.