भोपळा वीक घ्यायचाय? इंदूरमधला माझा अनुभव

मुलांच्या ॲक्टिव्हिटीच्या लाइनमध्ये नवीन येणारी मंडळी विचारतात, सुरुवात कशाने करू? भोपळ्याने करा. स्वस्त असतो, दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत मुबलक मिळतो, आणि हॅलोविन हॅलोविन करत आलेली कॉन्व्हेंटची पोरं आणि लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट तोंडपाठ असलेल्या आज्या एकाच टेबलाशी बसतात. मी राजेंद्रनगर, सुदामानगर साइडच्या सोसायट्यांच्या हॉलमध्ये असे भोपळा वीक घेते, म्हणजे आठवडाभर मुलं आणि घरची मोठी मंडळी मिळून भोपळ्याचे खेळ, रंगकाम, कोरणं आणि घारगे.

खरेदी चोइथराम मंडीत, पहाटेच, आणि लोडिंग रिक्षा आदल्या दिवशी ठरवून. तिथे भोपळा म्हणू नका, कद्दू म्हणा. "भैया, डंठलवाला देना" हे मात्र आवर्जून सांगा, कारण देठ तुटला की तिथूनच सडायला लागतो. सालीत नख रुतलं तर कोवळा आहे, भाजीला घ्या, रंगवायला नको. पक्का भोपळा कोरड्या सावलीत दोनेक महिने आरामात राहतो, पण एकदा कापला की ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन-तीन दिवसांत बुरशी, म्हणून आठवड्याचा सगळा क्रम ह्यावरच बसवायचा: आधी अख्ख्या भोपळ्याचे खेळ, वजन ओळखा, रंगवा, गोष्टी वगैरे, आणि कापाकापी शनिवारी. रंग ॲक्रेलिकच घ्या, पोस्टर कलर त्या गुळगुळीत सालीवर टिकतच नाही, वाळला की पोपडे. आणि रंगवलेले भोपळे वेगळे ठेवा, खायचे वेगळे, नाहीतर कोणीतरी काकू प्रेमाने घरी नेऊन भाजी करतील.

आता कोरायचं. हॅलोविनला भोपळ्यावर तोंड कोरतात त्या व्हिडिओत दिसतात ते नारिंगी भोपळे कोरण्यासाठीच निवडलेले, पातळ गराचे असतात. आपला जाड गराचा, टणक, त्यात सुरी अडकते आणि हात घसरतो. मुलांना सुरी द्यायचीच नाही. मोठ्यांनी वरची टोपी कापायची, मुलांनी चमच्याने गर-बिया काढायच्या, डोळे-नाक मार्करने काढून द्यायचे आणि तेवढं बाबांनी कापायचं, बस.

इथे एक गंमत सांगते. आपल्याकडे बऱ्याच घरांत अख्खा भोपळा बाईने फोडत नाहीत, पहिला वार घरातल्या पुरुषाने करायचा. आज्या हे हॉलमध्ये मोठ्याने सांगतातच. मला पटत नाही, पण तिथे वाद घालत बसले तर सेशन गेलं, उलट ह्याच निमित्ताने भिंतीला टेकून मोबाइल बघत उभे असलेले बाबा आणि आजोबा टेबलाशी येतात की! फॅमिली वीक म्हणवून मुलांचंच प्लॅनिंग करणारे नवीन लोक इथेच फसतात. मुलं कशातही रमतात हो, मोठ्यांना हातात काम नसेल तर ते अर्ध्या तासात "चल, ट्यूशनला उशीर होतो" सुरू करतात.

घारग्यांचं काउंटर आज्यांच्या हवाली करा. किसलेला भोपळा गुळात शिजवला की पाणी सुटतं, म्हणून कणीक मिश्रण निवल्यावर मावेल तेवढीच, वरून पाणी अजिबात नाही. तळणीची कढई मुलांपासून लांब, मध्ये टेबल आडवं टाकूनच. किसण्याआधी प्रत्येक भोपळ्याचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा फेका, त्याने पोट बिघडतं, गूळ घालून काही होत नाही.

बिया धुऊन सावलीत वाळवा, कागदाच्या पुडीत द्या, पुडीवर "जूनमध्ये लावा" लिहा, कारण दिवाळीनंतरच्या थंडीत लावलेली बी नीट उगवत नाही आणि मग आया आपल्याला मेसेज करतात.

कचऱ्याला मी चक्क एक सेशन देते. इंदूरची मुलं गीला-सूखा झोपेतही सांगतील, पण हा गर देवगुराड़ियाच्या प्लांटमध्ये जातो, तिथे रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करायची सोय आहे आणि त्यावर सिटी बस चालतात म्हटलं की पोरं स्वतःच बादल्या उचलतात. रंगवलेली सालं मात्र त्यात टाकू देऊ नका.

पैशाचं म्हणाल तर फी पर हेड न लावता पर फॅमिली लावा, म्हणजे आजी-आजोबांना घरी ठेवून कोणी येत नाही. मंडीचे पैसे रोख लागतात, तेवढा ॲडव्हान्स सोसायटीकडून आधी घ्या, आणि हॉलची किल्ली रविवारी कोणाकडे असते हेही त्याच फोनवर विचारून घ्या.