एटीव्हीचे टायर बदलताना काय पाहावं

एटीव्हीचे, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणाऱ्या छोट्या गाडीचे, टायर झिजले की हात आपोआप सगळ्यांत दांडग्या दिसणाऱ्या टायरकडे जातो. तो मोह आवरा. गाडी वर्षभर जास्तीत जास्त कुठल्या जमिनीवर चालते, त्यावर टायर ठरतो. क्वचित चिखलात जाणाऱ्याने खोल नक्षीचा टायर घेतला, तर एरवी कडक मुरमावर गाडी खडखडते, स्टिअरिंग जड होतं आणि नक्षी भराभर झिजते.

जुन्या टायरच्या साइडवॉलवर (बाजूच्या भिंतीवर) २५×८-१२ असं काही छापलेलं असतं. टायरचा बाहेरचा व्यास २५ इंच, रुंदी ८ इंच, रिमचा (टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा) व्यास १२ इंच. मागचे टायर बऱ्याचदा जास्त रुंद असतात, म्हणून पुढचं आणि मागचं माप वेगवेगळं लिहून घ्या. रिमचा आकडा जुळलाच पाहिजे, तिथे तडजोड नाही.

खरा घोळ होतो तो मोठं माप घेताना. २५ ऐवजी २७ इंची टायर लावला, तर ॲक्सलखाली फक्त एक इंच उंची वाढते, कारण व्यासातली अर्धीच वाढ खाली येते. त्या एका इंचाची किंमत मात्र पूर्ण गाडी मोजते. चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो, व्हेरिएटरचा (पट्ट्यावर चालणाऱ्या आपोआप गिअरचा) बेल्ट घसरून तापतो, सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी फिरत राहणारा ॲक्सलचा सांधा) आणि ॲक्सलवर ताण येतो. स्पीडोमीटर चाकांच्या फेऱ्यांवर चालत असेल तर ५० दाखवताना गाडी प्रत्यक्षात ५४ ने धावत असते. व्यासात एक इंचाची वाढ बऱ्याच गाड्यांना चालते. त्यापुढे जायचं तर क्लचमध्ये बदल करावा लागेल असं धरून चला. वाढ कितीही असो, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून टायर कुठे घासतो का ते पाहा.

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत आणखी एक पथ्य आहे. पुढच्या आणि मागच्या टायरच्या घेरांचं मूळ प्रमाण बिघडू देऊ नका, नाहीतर चाकांना ताकद वाटणारे डिफरन्शियल आणि ट्रान्सफर गिअर एकमेकांविरुद्ध ओढत राहतात. छापील मापावर विसंबू नका, एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात लहानमोठे निघतात. हवा योग्य ठेवून टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलत टायरची एक फेरी पूर्ण करा आणि अंतर टेपने मोजा. रेडियल आणि बायस (आतल्या धाग्यांची रचना वेगवेगळी असलेले) टायर एकाच ॲक्सलवर मिसळू नका.

नक्षीचं गणित सोपं आहे. चिखलाला खोल आणि लांब लांब अंतरावरचे ठोकळे लागतात, म्हणजे फिरताना चिखल आपोआप झडतो. वाळूत मागे पॅडल टायर (वल्ह्यासारख्या आडव्या पट्ट्यांचा), पुढे गोलाईभर रेघा असलेला. खडकाळ वाटेवर मऊ रबर आणि साइडवॉलपर्यंत उतरलेली नक्षी पकड देते. मिश्र जमिनीला मध्यम खोलीचा ऑल-टेरेन पुरतो, आणि बहुतेकांना तोच घ्यायला हवा.

प्लाय रेटिंग म्हणजे ताकदीचा दर्जा, आतल्या थरांची मोजदाद नव्हे. काटेरी, अणकुचीदार दगडांच्या भागात ६ किंवा ८ घ्या. मऊ मातीत ४ बस्स. उगाच जाड टायर घेतला की वजन वाढतं आणि प्रत्येक दगड हाताला जाणवतो. निर्मितीची तारीखही पाहा: साइडवॉलवर डॉट (DOT) अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असेल तर त्याच्या शेवटी ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५वा आठवडा.

बसवताना टायरवरच्या, फिरण्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाकडे पाहा, बीडला (रिमवर बसणाऱ्या टायरच्या कडेला) साबणाचं पाणी लावा. बीड बसवण्यासाठी साइडवॉलवर दिलेल्या कमाल दाबापुढे जाऊ नका. बसत नसेल तर हवा सोडून पुन्हा साबण लावा. हवा भरताना टायरवर वाकू नका. पेटणारा स्प्रे मारून टायर फुगवण्याचे उद्योग तर नकोच.

शेवटी हवा. एटीव्हीला अनेकदा ५ ते ८ पीएसआयच (हवेच्या दाबाचं एकक) लागते, नेमका आकडा गाडीच्या माहितीपत्रकात असतो. इतक्या कमी दाबात एका पीएसआयचा फरकही मोठा, आणि मोटारीचं गेज तो नीट दाखवत नाही, म्हणून कमी दाबाचं वेगळं गेज ठेवा. टायर थंड असतानाच मोजा. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने आवळा आणि पहिल्या छोट्या फेरीनंतर पुन्हा तपासा. नवं चाक थोडं बसलं की ते सैल पडू शकतात.