साडेनऊने गुणलं आणि फसलो

कॉलेज रोडवरच्या एका नेट कॅफेत शेवटच्या दिवशी नोकरीचा फॉर्म भरत होतो. 'टक्के' या रकान्यापाशी गाडी अडली. गुणपत्रिकेवर होतं सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून दहापैकी ग्रेड सरासरी, 6.68. कॅफेवाल्या दादाने कॅल्क्युलेटरवर 9.5 ने गुणलं, 63.46 टाकलं. "सगळे असंच भरतात." अट 60 टक्क्यांची होती. मी खुशीत घरी.

कागदपत्रं तपासताना टेबलापलीकडच्या मॅडम म्हणाल्या, "सीजीपीएचे टक्के कसे काढायचे, याचं विद्यापीठाचं पत्र?" नव्हतं. "मग आम्ही एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचा, तक्ता धरतो." त्यात 6.25 ला 55 टक्के, 6.75 ला 60, 7.25 ला 65. सात शतांशांनी बाहेर! तो 9.5 चा आकडा सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या ग्रेड पद्धतीतला, हे मला नंतर कळलं. माझ्या पदवीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

बरं, मग सरळ दहाने गुणायचं? तेही नाही. ग्रेड पॉइंट म्हणजे गुण नव्हेत, गुणांचा गट. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दहा पॉइंटांच्या पद्धतीत ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, असं उतरत पी म्हणजे 4, नापास शून्य. पण कुठल्या गुणांना कुठला ग्रेड, हे ज्याच्या त्याच्या विद्यापीठाच्या तक्त्यावर. समजा तुमच्याकडे 60 ते 69 ला 8 पॉइंट आहेत. सगळ्या विषयांत 62 मिळवणारा पोरगा दहाने गुणून 80 टक्केवाला होईल. म्हणून तर सूत्रं वेगळी असतात.

आणि मित्राचं सूत्र उसनं घेऊ नका. आपल्या नाशकात एकाच टपरीवर पुणे विद्यापीठाची, मुक्त विद्यापीठाची, आरोग्य विद्यापीठाची पोरं चहा पितात. एकाच विद्यापीठातही पॅटर्न बदलला की नियम बदलू शकतो. आपली गुणपत्रिका उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. तिथे नसेल तर परीक्षा विभागात अर्ज टाका, तोही जाहिरात यायच्या आधी.

सीजीपीए स्वतः काढतानाही एक गंमत होते, कारण प्रत्येक विषयाला क्रेडिट, म्हणजे वजन, असतं. पहिल्या सेमिस्टरला 20 क्रेडिट आणि 8, दुसऱ्याला 24 क्रेडिट आणि 7; सरासरी 7.5 वाटते ना? क्रेडिटने गुणून बेरीज 160 अधिक 168, म्हणजे 328, भागिले 44. उत्तर 7.45. चार क्रेडिटचा विषय ऑप्शनला टाकणाऱ्यांनी हे आधी करून बघावं.

बँकांच्या जाहिराती तर आणखी कडक. बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचनांत 59.99 टक्के म्हणजे 60 पेक्षा कमीच, वर ढकलायचं नाही. परदेशी अर्ज करणाऱ्यांनी आपला सीजीपीए मनानेच तिकडच्या चारपैकीच्या पट्टीवर आणू नये. मूळ आकडा लिहून 'दहापैकी' म्हणावं.

माझं पत्र नंतर आलं. तोवर त्या भरतीची यादी लागून गेली होती.