बुडबुड्याला पेशी समजले तेव्हापासून

अकरावी सायन्सच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मला एक झकास पेशी सापडली. गोल, काळ्याभोर कडेची, मधे एकदम स्वच्छ. मी ती शिसपेन्सिलीनं वहीत काढून वर 'कांद्याची पेशी' असं लिहूनसुद्धा टाकलं. मॅडम आल्या, मायक्रोस्कोपात डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा हवेचा बुडबुडा आहे. पेशी त्याच्या आजूबाजूला आहेत, त्या तू काढल्याच नाहीस."

म्हणून नव्यानं येणाऱ्यांना पहिली गोष्ट हीच सांगते. जाड काळ्या कडेचा नीटनेटका गोल दिसला की तो बुडबुडा. कांद्याच्या पेशी विटांसारख्या लांबट असतात, एकमेकींना चिकटलेल्या. पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा घ्या, आयोडीनचा थेंब टाका आणि कव्हरस्लिप आडवी न ठेवता सुईच्या टोकावर तिरकी धरून हळूहळू सोडा. केंद्रक बहुतेक वेळा कडेला सरकलेलं दिसेल. तुमचं काही चुकलेलं नसतं. मधली सगळी जागा रिक्तिकेनं, म्हणजे पाणीदार रसानं भरलेल्या पिशवीनं, अडवलेली असते.

आंतर्द्रव्यजालिका (पेशीतलं पातळ पडद्यांचं जाळं) किंवा रायबोसोम (प्रथिनं विणणारे कण) मात्र शोधत बसू नका. साध्या मायक्रोस्कोपाला साधारण 0.2 मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत, आणि रायबोसोम त्याच्याही दहाव्या हिश्श्याएवढा, 20 ते 30 नॅनोमीटरचा. पुस्तकातल्या त्या सुबक आकृत्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपाच्या जोरावर काढलेल्या आहेत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. महिनाभर वाटत होतं की आमच्या कॉलेजचाच मायक्रोस्कोप खराब आहे.

मी तासगाव तालुक्यातल्या मराठी शाळेतून सांगलीला आले. दहावीपर्यंतची तंतुकणिका इथं मायटोकॉन्ड्रिया झाली, लयकारिकेची लायसोसोम झाली. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी मराठी शब्द लाजून टाकून दिले. मी म्हणेन, टाकू नका. 'लयकारिका' म्हटलं की ती लय करते, जुनं-निकामी पचवून टाकते, हे नावातच येतं. वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही नावं समोरासमोर लिहा आणि इंग्रजी एकवचन-अनेकवचन तेवढं सांभाळा. एक असेल तर मायटोकॉन्ड्रियॉन. यापायी माझा अर्धा मार्क दोनदा गेला.

खरा घोळ क्लासमध्ये झाला. सरांनी तक्ता लिहून दिला होता: डावीकडे अंगक, म्हणजे पेशीचा छोटा अवयव, उजवीकडे त्याचं कार्य. मी तो घडाघडा म्हणून दाखवायचे. मग चाचणीत प्रश्न आला, इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीत कोणती अंगकं जास्त विकसित असतील आणि का? मी लिहिलं, 'मायटोकॉन्ड्रिया, कारण ते पेशीचं पॉवरहाऊस आहे.' पेपरवर लाल रेघ.

त्यानंतर मी तक्ता बाजूला ठेवला आणि एकाच प्रथिनाचा पाठलाग सुरू केला. आमच्या आजीचं इन्शुलिन फ्रिजच्या दारात असायचं, म्हणून तेच धरलं. त्याचा मजकूर केंद्रकातल्या डीएनएत असतो. आरएनए ती नक्कल घेऊन केंद्रकाच्या छिद्रांतून बाहेर येतो. पेशीद्रव्यातला रायबोसोम साखळी विणायला घेतो. साखळीचं पहिलं टोक बाहेर आलं की ते टोकच सांगतं, 'जालिकेकडं चला', आणि तो रायबोसोम जाऊन जालिकेला चिकटतो. म्हणजे 'मोकळे' आणि 'चिकटलेले' रायबोसोम या दोन जाती नाहीत. हे कळलं त्या दिवशी मला रायबोसोम चिकटल्यानं खडबडीत दिसणारी जालिका पहिल्यांदा समजली. सुरुवातीला 110 अमिनो आम्लांची असलेली साखळी जालिकेत घडी पडत, गॉल्जी नावाच्या चपट्या पिशव्यांच्या चळतीतून पुढं सरकत, पिटुकल्या पिशव्यांत कापली जाते, आणि शेवटी 51 उरतात. कापून निघालेला एक तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. बाहेरून टोचलेल्या इन्शुलिनमध्ये तो नसतो. म्हणून स्वादुपिंड स्वतः किती इन्शुलिन करतंय हे बघायला डॉक्टर त्याची तपासणी सांगतात. मिरजेच्या लॅबमधून आलेल्या आजीच्या रिपोर्टवर तो शब्द वाचला तेव्हा मला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

स्रावाचा हा रस्ता प्रयोगानं दाखवणाऱ्या जॉर्ज पॅलेड यांना 1974 साली नोबेल मिळालं. त्यांनीही पाठलागच केला होता, किरणोत्सारी अमिनो आम्ल देऊन.

गॉल्जीला सगळे पोस्ट ऑफिस म्हणतात. मला आमचं बेदाण्याचं ग्रेडिंग आठवायचं: माल आला, निवडला, पेटीत भरला, सौद्याला पाठवला. पण ही उपमा आठवडाभर वापरा आणि सोडून द्या. ग्रेडिंगमध्ये बेदाणा बदलत नाही. गॉल्जीत प्रथिनच बदलतं, त्याला साखरेच्या साखळ्या लागतात, छाटल्या जातात. लायसोसोमकडं जाणाऱ्या विकरांवर (एन्झाइमांवर) मॅनोज-6-फॉस्फेटची खूण उमटते. ती खूण उमटवणारं विकर जन्मतःच निकामी असेल तर ही पाचक विकरं लायसोसोममध्ये पोचण्याऐवजी पेशीबाहेर जातात आणि लायसोसोम न पचलेल्या मालानं भरून जातात. या आजाराला आय-सेल डिसीज म्हणतात.

जालिका, गॉल्जी, लायसोसोम, रिक्तिका हे एकमेकांकडं माल पोचवणारं एक कुटुंब. मायटोकॉन्ड्रिया आणि हरितलवक त्यात येत नाहीत. मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीत हा प्रश्न हमखास भेटतो. त्या दोघांकडं स्वतःचा डीएनए आणि स्वतःचे रायबोसोम असतात, जिवाणूंच्या वळणाचे. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात 37 जनुकं आहेत, आणि ती आईकडून येतात.

आता माझं आवडतं प्रॅक्टिकल. कुंडीत लावतात ते ऱ्हिओ, वरून हिरवं आणि खालून जांभळं. खालचा पापुद्रा काढा. रिक्तिकेतल्या रंगामुळं पेशी जांभळी ठिक्कर दिसते. कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. बघता बघता जांभळा भाग भिंतीपासून सुटतो आणि आक्रसत जातो. मग त्याच वाटेनं साधं पाणी द्या, तो पुन्हा पसरतो.

त्या रात्री मी हे पप्पांना फोनवर सांगितलं. सगळं आयुष्य द्राक्षात गेलेला माणूस. ते म्हणाले, "मग बेदाणा भिजवला की परत द्राक्ष का होत न्हाय?"

मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एक स्लाइड मुद्दाम कडक मिठाच्या पाण्यात ठेवून जेवायला गेले. परत येऊन साधं पाणी दिलं, तर जांभळा रंग पेशीत पसरला नाही, पटलातून, म्हणजे पेशीच्या पातळ पडद्यातून, झिरपून सगळ्या पाण्यात गेला. संध्याकाळी फोन केला, "पप्पा, पाणी आत जातं, पण ते धरून ठेवणारं पटल वाळताना मेलेलं असतं." पप्पा म्हणाले, "हां, तरीच भिजवलेल्या बेदाण्याचं पाणी गोड लागतं."