‘कन्डोन’ लिहिताना या चुका टाळा

आमच्या रामबागेतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा शोकसंदेश आला : ‘वुई कन्डोन द सॅड डिमाइज…’ खाली जोडलेल्या हातांची रांग. लिहिणाऱ्या काकांना ‘कन्डोल’, म्हणजे शोक व्यक्त करणे, म्हणायचं होतं. लिहिलं गेलं ते असं, की ते गेले खरे, पण एवढ्या वेळी आम्ही चालवून घेतो!

‘कन्डोल’ही जपूनच वापरावा. तो माणसांसोबत जातो, ‘कन्डोल विथ द फॅमिली’. त्यापेक्षा सरळ ‘कन्डोलन्सेस’ लिहून मोकळं व्हावं. ‘कन्डेम’ म्हणजे निषेध. त्यातला शेवटचा एन उच्चारायचा नाही.

खरा घोळ ‘कन्डोन’चा. शब्दकोश ‘क्षमा करणे’ म्हणतो आणि मुलं लिहितात, ‘प्लीज कन्डोन मी’. माणूस कन्डोन होत नाही, त्याची चूक होते. आपल्याकडे अपराध ‘पोटात घालणे’ म्हणतात ना, ते याच्या सर्वांत जवळचं. चूक दिसली, ती चूकच आहे हेही कळलं, तरी पुढे जाऊ दिली. मूळ लॅटिन ‘दोनारे’, म्हणजे देऊन टाकणे. आपलं ‘दान’ त्याच कुळातलं.

‘परवानगी देणे’ या अर्थी तर नकोच. माझ्या शिकवणीतल्या एकीने लिहिलं, ‘माय फादर कन्डोन्स माय तबला क्लास’. बिचाऱ्या तबल्याने काय पाप केलं?

इंदूर खंडपीठाच्या आवारात हा शब्द रोज कानावर पडतो : ‘कन्डोनेशन ऑफ डिले’, म्हणजे मुदत उलटून गेल्यावर उशीर माफ करा असा अर्ज. गंमत म्हणजे लिमिटेशन ॲक्ट, १९६३ (मुदतीचा कायदा) च्या ज्या कलम ५ खाली हा अर्ज होतो, त्यात ‘कन्डोन’ शब्दच नाही. तिथे ‘सफिशंट कॉज’ आहे, पुरेसं कारण. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २३ मध्ये मात्र तो आहे. जोडीदाराचा क्रूरपणा आधी पोटात घातला असेल, तर त्याच कारणावर घटस्फोट मागताना ते पोटात घालणंच आड येतं.

म्हणून उशिराचा अर्ज लिहिताना ‘कन्डोन द डिले ऑफ ट्वेल्व्ह डेज’ असं, उशीर मोजून लिहा. ‘कन्डोन फॉर द डिले’ नको, मध्ये ‘फॉर’ येतच नाही. आणि लगेच पुढच्या ओळीत कारण द्या.