एनजीएफ घातलं, पाच मिनिटांत निकाल? या चुका टाळा

पावसाळा लागला की एम.एस्सी.च्या प्रोजेक्टवाल्यांची नवी तुकडी येते आणि जुन्याच चुका करते. पेशींवर एनजीएफसारखं वाढ-घटक प्रथिन घालायचं आणि त्याचा संदेश आत कसा पोचतो ते मोजायचं, असा हा प्रोजेक्ट. त्यातली माझं डोकं उठवणारी चूक म्हणजे एकाच वेळेचा नमुना घेऊन निकाल देणं.

डिचोलीचा एक मुलगा, तसा हुशार. चवथीसाठी (गणेश चतुर्थीला) घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची आरास, बांधायला पोचायचं होतं. एका बशीतल्या पीसी-१२ पेशींना (चेतापेशींसारख्या होऊ शकणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पेशी) ईजीएफ हा त्वचापेशींचा वाढ-घटक दिला, दुसरीतल्यांना एनजीएफ हा चेतापेशींचा, आणि पाच मिनिटांत दोन्हींतल्या पेशी फोडल्या. ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) फॉस्फो-ईआरकेच्या, म्हणजे पेटलेल्या ईआरके या संदेशवाहक प्रथिनाच्या, पट्ट्या सारख्याच ठळक. "सर, दोघांचा सिग्नल एकच!" अरे, मग ईजीएफने त्या नुसत्या वाढतात आणि एनजीएफने त्यांना तंतू फुटतात, ते कसं? चवथ आटोपल्यावर त्याला ५ मिनिटं, १५ मिनिटं, १ तास, ४ तास असे नमुने घ्यायला लावले. ईजीएफची पट्टी लवकर विझत गेली, एनजीएफची टिकून राहिली. सगळी गोम त्या टिकण्यात आहे. ज्याला चार तास थांबायचं नाही त्याने हा विषय घेऊ नये.

दुसरी चूक कागदावरची. पेशीच्या कडेला रिसेप्टर (संदेश पकडणारं प्रथिन), मध्ये केंद्रक आणि एक बाण! चेतापेशीत तो बाण कधीकधी मीटरभर लांब असतो. अ‍ॅक्सॉनच्या (चेतापेशीच्या लांब तंतूच्या) टोकाला एनजीएफ ट्रक-ए (TrkA) रिसेप्टरला चिकटतं, दोघं मिळून एंडोसोम नावाच्या पिशवीत ओढले जातात आणि डायनिन हे वाहक प्रथिन ती पिशवी सूक्ष्मनलिकांवरून पेशीकायेकडे (केंद्रक असलेल्या भागाकडे) नेतं. लांब अ‍ॅक्सॉनमध्ये या प्रवासाला काही दिवस लागतात. अख्ख्या बशीत एनजीएफ ओतलं तर संदेश टोकाकडून आला की पेशीकायेवरच लागला, हे कसं कळणार? संशोधक कॅम्पेनॉटने १९७७ साली टोकं आणि पेशीकाया वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या त्या याचसाठी. कप्पे नसतील तर अहवालात 'टोकाकडून' हा शब्द लिहू नका.

बाकीचं थोडक्यात. आदल्या रात्री सीरम (पेशींच्या खाद्यातलं रक्तद्रव) कमी करा, सीरमनेही ईआरके पेटतं. फॉस्फोच्या ब्लॉटवरच्या मोकळ्या जागा झाकायला दूध नको, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन. मी बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरतो. व्हॅनाडेट (प्रथिनावरचं फॉस्फेट काढणारी विकरं रोखणारं रसायन) पिवळं दिसलं तर पीएच १० ला आणून रंग जाईपर्यंत उकळा. एनजीएफची एकच कुपी दरवेळी वितळवू नका, छोटे भाग करून गोठवा. पावसात वीज गेली तर फ्रीझर उघडू नका. आणि बशीला कोलेजनचा (पेशी चिकटवणाऱ्या प्रथिनाचा) लेप न देता पीसी-१२ टाकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, तरंगणारे गोळे त्यांनीच मोजावेत.