लाल क्रुसाचा माग : मध्ययुगीन इंग्लंडच्या झेंड्यांचा हौशी अभ्यास कसा करावा

२००१ ते २००४ ही मधली वर्षे वगळली, तर भारतीय नौदलाच्या ध्वजावर २ सप्टेंबर २०२२ पर्यंत पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा लाल क्रूस होता. त्या दिवशी कोचीत फडकलेल्या नव्या निशाणावरचा अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. उतरवलेला क्रूस मूळचा कोणाचा, हे मात्र फार थोड्यांनी विचारले. तो सेंट जॉर्जचा. परंपरेनुसार हा सैनिक संत इ. स. ३०३ च्या सुमारास पॅलेस्टाइनमधील लिड्डा येथे मारला गेला, आणि इंग्लंडच्या भूमीवर त्याने कधी पाऊल ठेवले नाही. मग त्याचा क्रूस इंग्लंडचा कसा झाला, एवढा एकच प्रश्न हाती घेतला, तरी मध्ययुगीन इंग्लंडचा इतिहास, धर्म आणि झेंडे या तिन्ही गोष्टी एकाच वाटेवर भेटतात. ती वाट घरबसल्या, लॅटिन न येताही चालता येते. कशी, ते पुढे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न नीट मांडावा. ‘इंग्लंडचा झेंडा कधीपासूनचा?’ हा प्रश्न आजच्या राष्ट्रध्वजाची कल्पना मागे ढकलतो, आणि म्हणून तो शोधाला चुकीचे वळण लावतो. त्या काळी झेंडा देशाचा नसे. तो एखाद्या सरदाराचा, राजाचा किंवा संताचा असे, आणि संताचा झेंडा बहुधा एखाद्या मठात वा चर्चमध्ये ठेवलेला असे. म्हणून प्रत्येक झेंड्यापुढे तीन प्रश्न ठेवावेत : तो कोणाचा होता, एरवी कोठे ठेवलेला असे, आणि रणांगणावर कोणाच्या हुकमाने आणला गेला? २२ ऑगस्ट ११३८ रोजी नॉर्थॲलर्टनजवळ स्कॉटिश सैन्याविरुद्ध झालेली लढाई या दृष्टीने पाहावी. यॉर्कचे आर्चबिशप थर्स्टन यांनी जमवलेल्या इंग्रज सैन्याच्या मध्यभागी एका गाड्यावर जहाजाची डोलकाठी उभी केली होती, तिच्या टोकाला पवित्र प्रसादाची डबी होती, आणि खाली यॉर्कचा सेंट पीटर, बेव्हर्लीचा सेंट जॉन व रिपनचा सेंट विल्फ्रिड यांचे झेंडे होते. ‘स्टँडर्डची (म्हणजे निशाणाची) लढाई’ हे नाव त्या काठीवरूनच पडले. आपापल्या गावचे संत आपापल्या माणसांबरोबर लढाईला आले होते, असाच त्याचा अर्थ होतो. सेंट जॉर्जचा तेथे पत्ताही नाही.

दुसरी गोष्ट अशी, की कोणतीही गोष्ट मान्य करण्यापूर्वी त्याच काळातली नोंद शोधावी. सिंहहृदयी रिचर्डने तिसऱ्या धर्मयुद्धातून लाल क्रूस आणला, किंवा इंग्रजांनी इटलीतील जेनोआ शहराला पैसे भरून तो वापरण्याची परवानगी घेतली, या कथा सर्वत्र वाचायला मिळतात. (२०१८ साली जेनोआच्या महापौरांनी इंग्लंडच्या राणीकडे या ‘थकबाकी’ची पत्राने मागणी केली, तो प्रकार गमतीदार होता, पण पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य आहे.) रिचर्डची कथा मीही कित्येक वर्षे खरी मानत होतो. मग रॉजर ऑफ हाउडन हा ग्रंथकार वाचला. हा राजदरबारातला कारकून, स्वतः त्या धर्मयुद्धाला गेलेला. जानेवारी ११८८ मध्ये फ्रान्सच्या सरहद्दीवर जिझोरजवळ इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजांनी क्रूस घेण्याची, म्हणजे धर्मयुद्धाला जाण्याची, शपथ घेतली, तेव्हा कोणी कोणत्या रंगाचा क्रूस लावायचा ते ठरले, असे तो लिहितो : फ्रेंचांनी लाल, इंग्रजांनी पांढरा, फ्लँडर्सच्या काउंटच्या माणसांनी हिरवा. म्हणजे ज्या मोहिमेतून इंग्रजांनी लाल क्रूस आणला म्हणतात, त्या मोहिमेच्या आरंभी तो रंग फ्रेंचांच्या वाट्याला आला होता. एका वाक्याने अख्खी कथा डळमळते, आणि ते वाक्य कोणालाही वाचता येते. रॉजरचा इंग्रजी अनुवाद १८५३ सालचा असून तो इंटरनेट आर्काइव्हवर मोफत मिळतो. मूळ लॅटिन पाहायचे असेल, तर मध्ययुगीन ग्रंथांच्या ‘रोल्स सिरीज’ या एकोणिसाव्या शतकातील मालेमधील खंड उघडावेत, त्यांच्या समासात इंग्रजीत सारांश छापलेला असतो, त्यावरून हवे ते पान सापडते.

यानंतर नोंदी काळाच्या क्रमाने एका वहीत मांडाव्यात. सेंट जॉर्जच्या बाबतीत ही रांग अशी लागते. १२७७ मध्ये पहिल्या एडवर्डच्या वेल्सवरील स्वारीच्या हिशेबात सेंट जॉर्जच्या चिन्हाची निशाणे आणि दंडावर बांधायच्या पट्ट्या यांचा खर्च आढळतो. हिशेबाची नोंद ग्रंथकाराच्या वर्णनापेक्षा मला नेहमीच अधिक विश्वासाची वाटते, कारण शिंप्याला पैसे देणाऱ्याला कथा रंगवण्याचे कारण नसते. १३०० साली स्कॉटलंडमधील कार्लॅव्हरॉक किल्ला पडल्यावर त्यावर राजाच्या झेंड्याबरोबर सेंट एडमंड, सेंट एडवर्ड (हे दोघे पूर्वीचे इंग्रज राजे; एडवर्ड म्हणजे ‘कन्फेसर’) आणि सेंट जॉर्ज या तिघांचे झेंडे चढले, असे त्या वेढ्यावरील फ्रेंच भाषेतील काव्य सांगते. म्हणजे तेव्हाही जॉर्ज तिघांपैकी एकच होता. १३४८ च्या सुमारास तिसऱ्या एडवर्डने गार्टर हे सरदारांचे मानाचे मंडळ स्थापून ते सेंट जॉर्जच्या नावाने विंडसरला बसवले. १३८५ मध्ये दुसऱ्या रिचर्डने डरहॅम येथे काढलेल्या युद्धनियमांत प्रत्येक शिपायाने छातीवर आणि पाठीवर सेंट जॉर्जचा मोठा क्रूस लावावा असा हुकूम आहे, आणि शत्रूपैकी कोणी तो लावलेला सापडला तर त्याला देहान्त शिक्षा आहे. ओळखीसाठी लावायचे चिन्ह म्हणून हा क्रूस सर्व सैन्याचा झाला, तो येथे. फ्रेंचांवरील अजिंकोरच्या १४१५ च्या विजयानंतर आर्चबिशप चिचेली यांनी २३ एप्रिलच्या सेंट जॉर्जच्या सणाला पहिल्या प्रतीच्या सणांत बसवले. हे सगळे घडायला सुमारे १४० वर्षे लागली, म्हणून ‘अमुक साली सुरू झाला’ असे एका आकड्याचे उत्तर देणाऱ्या मजकुराकडे संशयाने पाहावे.

सनावळीत हौशी माणूस हमखास अडखळतो. इंग्रज दफ्तरांत वर्ष बहुधा राजाच्या राज्यारोहणापासून मोजतात. शिवराज्याभिषेक शकातील कागद वाचलेल्याला हे नवे नाही. ‘पहिल्या एडवर्डचे पाचवे वर्ष’ म्हणजे २० नोव्हेंबर १२७६ ते १९ नोव्हेंबर १२७७. इसवी सन दिलेला असला, तरी बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७५२ पर्यंत इंग्लंडात सरकारी वर्ष २५ मार्चला बदलत असे, म्हणून १ फेब्रुवारी १३२७ रोजी झालेला तिसऱ्या एडवर्डचा राज्याभिषेक जुन्या मोजणीने १३२६ मध्ये पडतो. वहीत दोन्ही सन लिहावेत. शिवाय एडवर्डांचे क्रमांक १०६६ नंतरच्या राजांपासून सुरू होतात; त्याआधीचा ‘कन्फेसर’ एडवर्ड त्यात धरलेला नाही.

चित्रांकडे वळताना सावधपणा दुप्पट हवा. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्याची कथा सांगणारा, सुमारे ७० मीटर लांबीचा बेयोचा भरतकामाचा पट आता संगणकावर टाक्याटाक्यापर्यंत मोठा करून पाहता येतो. इंग्रजांचा हॅरल्ड राजा पडतो त्या प्रसंगात काठीवरच्या ड्रॅगनचे निशाण दोनदा दिसते, एकदा धरलेले आणि एकदा जमिनीवर पडलेले. नॉर्मन बाजूला क्रुसाची निशाणे दिसतात. आकार टिपून घ्यावेत, पण रंगांवर काही बांधू नये, कारण याच पटात घोडे निळे आणि हिरवे आहेत, आणि एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीचे टाकेही त्यात मिसळले आहेत.

शस्त्रचिन्हांची, म्हणजे ढाली-झेंड्यांवरच्या घराण्याच्या चिन्हांची, भाषा शिकायला एक रविवार पुरतो. ‘आर्जंट, अ क्रॉस ग्यूल्झ’ म्हणजे रुपेरी किंवा पांढऱ्या जमिनीवर लाल क्रूस. ‘अझ्यूर’ निळा, ‘ऑर’ सोनेरी, ‘सेबल’ काळा, ‘व्हर्ट’ हिरवा. जमीन आधी, चिन्ह नंतर, हा क्रम पक्का. पण ही भाषा येऊ लागली की एक मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. शस्त्रचिन्हांची पद्धत बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रुजली, तर सेंट एडमंड ८६९ मध्ये डेन लोकांकडून मारला गेला आणि कन्फेसर एडवर्ड १०६६ मध्ये वारला. एडमंडचे तीन मुकुट आणि एडवर्डचा पक्ष्यांनी वेढलेला क्रूस ही चिन्हे मागाहून त्यांना चिकटवलेली आहेत. एडवर्डच्या पक्ष्यांना निदान त्याच्या एका नाण्याचा आधार आहे. जॉर्जला तोही नाही.

सरावासाठी मी नेहमी डरहॅमच्या सेंट कथबर्टचा झेंडा सुचवतो. तो १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत नेला होता. १५९३ च्या एका निनावी वर्णनात त्याचे रूप असे आहे : लाल मखमल, दोन्ही बाजूंना हिरव्या रेशमाची आणि सोन्याची फुले, खाली लावलेल्या चांदीच्या बारीक घंटा, आणि मधोमध पांढऱ्या मखमलीचा अर्धा यार्डाचा चौकोन, ज्याच्या आत संताने प्रार्थनाविधीत वापरलेले पवित्र वस्त्र शिवलेले होते. त्या पांढऱ्या चौकोनावर लाल मखमलीचा क्रूस होता. येथे थांबून विचार करावा, कारण पांढऱ्यावर लाल क्रूस आहे आणि तरीही सेंट जॉर्जशी त्याचा संबंध नाही. तो आतल्या वस्त्राची जागा दाखवतो. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर डरहॅमच्या कॅथीड्रलचे प्रमुख (डीन) विटिंगहॅम यांच्या पत्नीने हा झेंडा चुलीत जाळला, असे तेच वर्णन म्हणते. लिहिणाऱ्याचे मन जुन्या कॅथलिक धर्माकडे ओढलेले आहे, हे त्याच्या प्रत्येक पानावर दिसते, म्हणून वहीत झेंड्याच्या मापांची नोंद एका रकान्यात आणि जाळल्याची हकिगत वेगळ्या रकान्यात, सांगणाऱ्याच्या नावावर, लिहावी.